पन्नासपर्यंत

आमच्या घरात भांडायचं काम माझ्याकडे होतं. नवरा मुलखाचा भिडस्त. पण माझ्या शरीरानं आपल्याच स्नायूंशी वैर धरलं आणि दोन वाक्यांतच माझा आवाज नाकात जाऊन विझायला लागला. कापसाचे वाईट दिवस. आर्णीच्या खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर गाडीत हात घालून "ओला आहे" म्हणायचा, आणि मी गेंगाण्या आवाजात हरून यायचे.

औषधांनी हात टेकले. मग मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्याच रक्तातल्या पेशी काढल्या, त्यांच्यात बदल करून परत अंगात सोडल्या. प्रयोगच होता, गुण येईलच असं कोणी म्हणालं नव्हतं. दर तपासणीला ते मोठ्यानं पन्नासपर्यंत आकडे म्हणायला लावत. पूर्वी पंधरालाच आवाज बसायचा.

उपचारानंतरच्या हंगामात ग्रेडर पुन्हा "ओला" म्हणाला.

"काहून ओला? कुठी ओला हाये, दाखवा मले! चार दिवस उन्हात वायवला!" मी सुरू झाले ती थांबलेच नाही. मागची गाड्यांची रांग ऐकत राहिली. शेवटी त्यानं पहिल्या प्रतीची चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "म्हणा, पन्नासपर्यंत."

मी तोंड उघडायच्या आत माझा भिडस्त नवरा बोलला, "सायेब, आकडे कायले? ग्रेडरले इचारा!"