उचलून ठेवलेला माणूस

गुरुबसप्पाचे डोळे गेले ते मिलच्या रंगखात्यात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचं पिंप कलंडलं आणि चाळिशीतला धडधाकट माणूस एका दुपारी आंधळा झाला. मालकानं काय केलं ते विचारू नका. केलं असतं तर सांगितलंच असतं.

बरेच दिवस तो भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडून होता. मग एका सकाळी उठला, काठी चाचपली आणि बायकोला म्हणाला, "महादेवाला जाऊन येतो."

"मी येते की."

"तू आलीस तर मी आंधळा."

शिवबाई पदर खोचून उभी होती, तशीच उभी राहिली. नवरा गेला आणि परत आला. कपाळावर विभूती, अंगावर घाम, आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जुना तोरा.

देऊळ ओढ्याच्या अलीकडं, चाळीच्या सरळ पूर्वेला. जाताना ऊन तोंडावर घ्यायचं, येताना पाठीवर. किती चालायचं ते पायांना ठाऊक. वाटेत मिलचा भोंगा झाला की कान देऊन खात्री करायची, एवढंच. चाळीतल्या बाया मात्र शिवबाईला गाठून म्हणायच्या, "बांधून ठेव की गं त्येला. एखाद्या दिशी टांग्याखाली घावंल."

"बैल हाय व्हय बांधायला?" शिवबाई फाडकन म्हणायची.

तिला टांग्याची धास्ती नव्हतीच. धास्ती होती ती नवऱ्याच्या हट्टाची. पहिल्याच दिवशी तो बोलून गेला होता, "एकदा जरी घर चुकलं, तर त्या दिसापासनं उंबरा वलांडणार न्हाय." बोललेलं गिळणारा माणूस नव्हता तो. पुन्हा त्या बाजेवर, भिंतीकडं तोंड करून. ते तिला मरणाहून वाईट वाटे.

डोळे होते तेव्हाचा त्याचा एक नाद होता. सोमवारी मुंग्यांना रवा-साखर घालायची रीत शिवबाईनं दुधनीच्या माहेरातून आणलेली. ती चाळीमागच्या मैदानात रवा टाकायची आणि हा तापल्या जमिनीवर उकिडवा बसून बघायचा. लांब पायांचा काळा मुंगळा बिळातून निघायचा, इकडं पळ, तिकडं वळ, दारू प्यायल्यागत भटकायचा. पण दाणा तोंडात आला की सुतासारखा सरळ बिळावर. एकदा गुरुबसप्पानं दाण्यासकट एक मुंगळा भाकरीच्या तुकड्यावर घेतला आणि लांब आडाजवळ नेऊन सोडला. मुंगळा थबकलासुद्धा नाही. आधी ज्या दिशेला पळायचा, त्याच दिशेला, तेवढाच लांब पळाला. तिथं बीळ कुठलं? मग तिथंच घिरट्या घालू लागला. आधी लहान, मग मोठ्या, मग आणखी मोठ्या.

पुढच्या सोमवारी त्यानं शिवबाईच्या फणेरपेटीतला आरसा पळवला. छत्रीनं ऊन अडवलं, आरशानं दुसऱ्या अंगानं टाकलं, तर घरी निघालेला मुंगळा चक्क उलटा फिरला.

"सूर्य बघून चालतंय की गं हे! मोहरीएवढं डोस्कं, त्यात सूर्य बी मावतो आन् घर बी."

"आन् तुमच्या एवढ्या डोस्क्यात बाजारातनं आणायचं मीठ मावत न्हाय," शिवबाई म्हणाली होती.

एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात मिलमध्ये संप झाला. भोंगा गप्प. त्या सकाळी देवळासमोरून मिरवणूक निघाली, पोलीस लाठ्या घेऊन आले आणि पळापळ सुरू झाली. साच्याखात्यात मागावर काम करणारा कोंडीबा, दंडाला लाल फडकं बांधलेला स्वयंसेवक, त्यानं पायरीवर बसलेला आंधळा पाहिला. काही न विचारता त्याला पोत्यासारखा खांद्यावर टाकला, ओढा ओलांडून बराच उत्तरेला नेला आणि एका बाभळीखाली ठेवला.

"अरं, कुटं आणलंस?" गुरुबसप्पानं विचारलं. पण कोंडीबा पुढच्या माणसाला उचलायला पळालासुद्धा.

दुपार चढली तरी नवरा परतला नाही, तेव्हा शिवबाई निघाली. निम्मी चाळ देवळाभोवतीचे बोळ धुंडाळत होती. कोंडीबा तिला ओढ्यापाशी भेटला.

"मावशी, काळजी नगं. अप्पांस्नी मी सोता उचलून पलीकडं ठेवलं. केसाला धक्का न्हाय."

"उचलून?" शिवबाईनं त्याचा दंड धरला. "चालवत न्हाय नेलंस?"

"लाठ्या पडत हुत्या की वो! चालवत कुटं नेऊ?"

"कुटं ठेवलंस ते दाव आदी."

बाभळीखाली कुणी नव्हतं. "गेलं असतील घराकडं," कोंडीबा चाळीच्या दिशेला हात करत म्हणाला. शिवबाईनं तिकडं पाहिलंही नाही. भाकरीच्या तुकड्यावरून सोडलेला तो मुंगळा तिच्या डोळ्यापुढं आला. आपल्याला देवळामागंच आणून ठेवलंय असं समजून हा माणूस उठला असणार, ऊन पाठीवर घेतलं असणार. तिनं पूर्वेकडं पाठ केली आणि नाकासमोर चालू लागली.

"मावशी, तिकडं दगडाची खाण हाय!"

"म्हनून तर पळ!"

देवळापासून चाळ जेवढी लांब, बाभळीपासून तेवढ्याच अंतरावर तो दिसला. उघड्या माळावर, काठी आपटत, गोल गोल फिरत होता. धोतर धुळीनं माखलेलं, अंगठा फुटलेला. प्रत्येक फेरी आधीच्याहून मोठी, आणि शेवटची खाणीच्या तोंडाला लागलेली. कोंडीबा ओरडणार तोच शिवबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. दचकून पाऊल मागं पडलं असतं तर?

"अवो," ती रोजच्या आवाजात म्हणाली, "थांबा जरा तितंच. मी आले."

तो थांबला. ती जवळ गेली, हात धरला.

"घर घावंना गं," तो म्हणाला. "चुकलो. संपलं."

"न्हाय चुकला तुमी. घर हितंच यायला पायजे हुतं. दिशा बरुबर, चाल बरुबर. तुमास्नी उचलून कुटं ठेवलं, ते कुणी सांगितलंच न्हाय." तिनं त्याच्या धोतरावरची धूळ झटकली. "आडाजवळ सोडल्याला मुंगळा चुकला हुता काय वो? की सोडणारा?"

कोंडीबाला राहवलं नाही. "अप्पा, ऊन लई हाय. पाठीवर घेतो, घरी सोडतो," म्हणत तो खाली वाकला.

"हात लावू नगंस!" शिवबाई कडाडली. "उचलणारे लई झाले गावात. मालकानं उचलून बाहेर टाकलं, तू उचलून माळावर ठेवलंस. इचारलं कुणी? चालंल त्यो."

लाल फडक्यावाल्यांनी हे ऐकून ठेवावं. कोंडीबानं ठेवलं. मान खाली घालून तो मागं सरला.

तिनं नवऱ्याला जवळच्या वाटेनं घरी नेलं नाही. माळावरून बाभळीपाशी, बाभळीवरून ओढ्यात, ओढ्यातून देवळाशी, सगळं त्याच्या पायांनी. पायाखाली तवा तापलेला. पायरीशी आल्यावर तिनं त्याचा तळहात दगडावर टेकवला.

"हे देऊळ."

"व्हय," तो म्हणाला. "हे देऊळ."

"ऊन कलेपर्यंत बसा. आता त्ये तोंडावर यील, पाठीवर न्हाय."

"ठावं हाय मला," तो फणकारला. त्या फणकाऱ्यानं तिचा जीव भांड्यात पडला.

ऊन कललं तेव्हा "मी म्होरं जाऊन चूल पेटवते," म्हणत तिनं हात सोडला. तो एकटा निघाला. ती आणि कोंडीबा बरंच अंतर राखून, चपला हातात घेऊन, आवाज न करता मागून चालले. एकदा तो थबकला. शिवबाईनं पदर तोंडात धरला. त्यानं मान वर केली, ऊन गालावर तोललं आणि पुन्हा चालू लागला.

चाळीतल्या बाया दारात उभ्या होत्या. काठी उंबऱ्याला लागली, आणि गुरुबसप्पानं पाय उचलून आत ठेवला.

"शिवबाई," रिकाम्या घरात त्यानं हाक मारली, "आलो गं. उद्या जरा लवकर उठव."