पलीकडचा नळ

"उघड गो."

वर्षातून एकदा, चवथीच्या आठवडाभर आधी, माझ्या खिडकीच्या गजांतून हा आवाज यायचा. आधी उजव्या हाताची बोटं पदराला तीन वेळा पुसली जायची, मग त्याच बोटांनी फळीवर टकटक, आणि मग हे दोन शब्द. नमस्कार नाही, अर्ज नाही. चवथ सरली, गणपती पोचवून झाले, की पुन्हा तीच बोटं आणि तीच टकटक.

"बंद कर गो."

एवढाच आमचा वर्षाचा संवाद. एरवी ही मासेवाली बाजारात भेटली तर माझ्या पिशवीत एखादा बांगडा जास्तीचा टाकायची आणि मी काही बोलायच्या आत पुढच्या गिऱ्हाइकाशी भांडायला लागायची.

आमच्या बंदरावरच्या नगरपरिषदेत पाणीपट्टी भरायची खिडकी वेगळी होती आणि माझी वेगळी. माझ्याकडे पाणीपट्टी सोडून नळाचं बाकी सगळं. तुम्हीही कधी ना कधी अशा खिडकीसमोर उभे राहिला असाल. मेलेल्या बापाच्या नावावरचा नळ मुलाच्या नावावर करायचाय, मीटर जास्त पळतोय असा संशय आहे, लग्नाला टँकर हवाय, घर विकताना बाकी नसल्याचा दाखला पाहिजे, सगळे माझ्याकडे. प्रत्येक कामाची फी ठरलेली. त्या दरांचा तक्ता मी स्वतःच्या हाताने, लाल-निळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात लिहून खिडकीवर टांगला होता. शेवटची ओळ होती, 'अर्जदाराच्या विनंतीवरून कनेक्शन कायम बंद करणे', आणि तिच्यापुढे 'निःशुल्क'. साऱ्या तक्त्यात फुकटचं काम तेवढं एकच.

तेव्हाची मी कशी होते, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पंचेचाळिशी, चष्म्याला साखळी, हातात चाव्यांचा जुडगा, आणि चेहऱ्यावर असा भाव की धरणाचं दार मीच उघडते. ऑफिसच्या पायरीवर चपला काढाव्यात तशी मी मालवणी काढून ठेवायची. आत शिरले की "आपण", "कृपया" आणि "नियमानुसार". एकदा हिला म्हटलं, "आपण रीतसर अर्ज करावा." तिने गजांतून माझ्याकडे असं बघितलं, जसं शिळ्या सौंदाळा माशाकडे बघतात.

"तुझी आवस वेंगुर्ल्याक काजी सोलता. आणि तू माका आपण म्हणतंस?"

माझी आई खरंच काजू सोलायची. मागची रांग हसली. शिपाई हसला. मी मान खाली घालून तिचा अर्ज स्वतःच लिहिला आणि पुढे दरवर्षी लिहीत गेले.

मासे विकून तिने मुलाला शिकवलं होतं. तो मुंबईला नोकरीला लागला, लग्न झालं, आणि आईच्या घराला लागून, एकाच भिंतीने, त्याने आपल्या दोन खोल्या आणि न्हाणी बांधली. नळही स्वतःच्या नावाचा वेगळा घेतला. चवथीला यायचा तो बायको-पोरांसकट. गणपती चार घरं टाकून तिच्या थोरल्या दिराकडे, पण झोपायला, न्हायला मंडळी या दोन खोल्यांत. बाकी वर्षभर कुलूप. एका वर्षी त्या कुलपाआड नळ गळत राहिला आणि भलं मोठं बिल आलं. तेव्हापासून मंडळी गेली की ती नळ बंद करून घ्यायची. बंद म्हणजे आमचा फिटर जाऊन बाहेरचा कॉक फिरवायचा आणि त्याला शिशाचं सील मारायचा. बंद नळाला महिन्याचा आकार नाही, पण बंद करायची फी आणि उघडायची फी वेगळी. नियम.

उघडताना तिचं फिटरला एकच सांगणं असायचं. वर्षभर पाइपात साचलेलं पाणी गंजाने लाल होऊन येतं, म्हणून, "लाल जाय पर्यंत बंद करू नको हां. माझ्या नातवंडांका लाल पाणी नको."

मग मुलगा येईनासा झाला. आधी रजा नाही म्हणून, मग पोरांच्या परीक्षा म्हणून, आणि मग त्याने तिथेच, आपल्या फ्लॅटमध्ये गणपती आणला. ज्याच्या घरी गणपती तो घर सोडून कसा येणार? हे तिनेच मला सांगितलं, बांगड्याचा भाव सांगावा तशा आवाजात. आणि पुढच्याच वाक्यात, "उघड गो."

"अहो, पण कोणी येणार नाही ना?"

"नाय."

"मग कशासाठी उघडायचं?"

"तू उघड."

उघडला. गणपती पोचल्यावर बंद केला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मला राहवेना. मी चष्मा नाकावर ओढून तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर पट्टी ठेवली. "हे बघा. कायम बंद करून टाका. याला एक पैसा लागत नाही. निःशुल्क."

"म्हंजे?"

"म्हणजे फुकट."

"मरणसुद्धा फुकट आसा गो," ती म्हणाली. "म्हणान काय आत्ताच मरू?"

तिसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला.

तुम्ही ऑफिसात काम केलं असेल तर असला शहाणपणा तुम्हाला ठाऊक असेल. नियम मोडायचा आणि आपण देवमाणूस आहोत असं समजायचं. मला वाटलं, ही बाई उन्हातान्हात टोपली घेऊन बसते आणि ज्या नळाचं पाणी कोणी पीत नाही त्यावर पैसे घालते. तिने टकटक केली, "उघड गो" म्हटलं, पैसे ठेवले. मी पैसे घेतले, पण पावती फाडली नाही. "गर्दी आहे, पावती नंतर देते," म्हटलं. तिने मान हलवली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता, हे आठवलं की आजही माझे कान गरम होतात. ती वळल्यावर मी पैसे एका पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवले. फिटरला सांगितलं, "तिकडे जाऊ नकोस. मी बघते." चवथ झाली की पाकीट तिच्या हातात ठेवायचं, ती डोळ्यांत पाणी आणून मला आशीर्वाद देईल, असं सगळं चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं. मग माहेरी जाऊन पाच दिवस मोदक आणि उसळ खाल्ली. आशीर्वादाची भूक तर होतीच.

सुट्टी संपल्यावर दुपारी तिच्याकडे गेले. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात करंज्यांचा डबा.

मुलाच्या खोल्यांचं दार उघडं होतं. जमीन सारवल्यासारखी लख्ख पुसलेली, कोपऱ्यात चटई. न्हाणीत नळाखाली पितळेची बादली, बादलीवर दोन छोटे प्लास्टिकचे तांबे, एक लाल, एक पिवळा. नळ पूर्ण सोडलेला. बादली कोरडी.

ती आपल्या बाजूला, चुलीशेजारी, भिंतीला पाठ लावून बसली होती. मला बघून उठली नाही.

"येवक नाय," ती म्हणाली.

"मुलगा ना? मला माहीत होतं, म्हणूनच तर..."

"तो येवचो नाय ता माका म्हायत होता. पाणी येवक नाय."

मी डबा खाली ठेवला. बसले. तिने भिंतीवर मागच्या मागे हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

"दरवर्सा नळ बारीक सोडून ठेवतंय. बादलेत पडता. हय बसलंय की वाटता, पलीकडे कोणतरी न्हाता. पाच दिस आयकतंय. मगे बंद करतंय." थोडं थांबली. "ह्या वर्सा कोणच येवक नाय. पाणीसुद्धा नाय."

बाई, तू सील तोडायचंस, असं माझ्या तोंडातून गेलं. एवढं शहाणपण अजून शिल्लक होतं माझ्याकडे.

"सील तुझा. मी कित्याक तोडू? तू सांगललंस ना, नंतर देतंय म्हणान. फिटर येतलो म्हणान मी दारात बसललंय. चवथीदिवशी आरतीक पण जावक नाय. म्हटलंय, मी गेलंय आणि तो येवन परत गेलो तर?"

मी पाकीट पुढे केलं. तिने ते हातात घेऊन चाचपलं, उघडलं नाही. सगळं समजली. भांडणात अख्ख्या बाजाराला गप्प करणारी बाई, मला वाटलं आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. मी तयार होते. खरं सांगू, ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"माझे पैसे वाचयलंस," ती म्हणाली. "बरा केलंस." आणि मग, "चाय घेतंस?"

चहा गुळाचा होता. मी तो कसा गिळला ते मला आणि तिच्या मांजराला माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरला घेऊन गेले. सोबत पावती फाडून नेली होती, पैसे माझ्या पर्समधले. ती म्हणाली, "आता कित्याक? चवथ गेली." पण पावतीवरचे पैसे माझ्या हातात कोंबल्याशिवाय तिने फिटरला कॉकला हात लावू दिला नाही.

"फुकट नको माका. फुकट उघाडलला फुकटच बंद होता."

सील तुटलं. पाइपातून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग लाल पाणी, मग गढूळ, मग निवळ. तिने नळ बारीक केला आणि आपल्या बाजूला जाऊन बसली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी बसले. भिंतीपलीकडे पाणी पडत होतं. कोरड्या बादलीत आधी टणटण, मग पाण्यात पाणी. खरंच कोणीतरी सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं, न्हात होतं. ती डोळे मिटून चुलीत लाकूड सारत होती.

त्यानंतर मी कधी "कशासाठी" विचारलं नाही. टकटक पुरी व्हायच्या आत पावती तयार असायची. फिटरबरोबर मीही जायची, 'प्रत्यक्ष तपासणी' म्हणून. असली तपासणी माझ्या तक्त्यात नव्हती. तिची फी मी कुठून लिहिणार? भिंतीला पाठ लावून अर्धा तास बसायचं, एवढंच काम. ती मधेच म्हणायची, "आयकलंस? मोठो न्हावन झालो. आता धाकटो." आणि मी, नियमानुसारवाली, मान हलवायची. आता माझ्या घरातलीही मुलीची खोली मे महिन्यापुरतीच उघडते, आणि तिथल्या बादलीत मी अधूनमधून उगाच पाणी सोडून येते. हसा, हसा.

एका वर्षी चवथीचा आठवडा आला आणि टकटक झाली नाही. मी दोनदा खिडकीतून डोकावले. ती पावसाच्या सुरुवातीलाच गेली होती. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. मला कोणी कळवलं नाही. कळवणार तरी कोण, आमचं नातं काय?

चवथीनंतर तिचा मुलगा खिडकीशी आला. केस विरळ, बोलणं नीट. हातात अर्ज आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. डब्यात पावत्या. उघडल्याच्या, बंद केल्याच्या, वर्षवार, दोऱ्याने बांधलेल्या.

"मॅडम, आम्ही तर इतकी वर्षं येत नव्हतो. मग हा नळ दरवर्षी उघडायचं कोण? कशासाठी?"

सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? तो वाईट नव्हता. डबा त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

"थोडा वापर होता," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मग अर्ज पुढे केला. "हा नळ कायमचा बंद करायचाय. किती भरायचे?"

मी तक्त्याकडे बोट केलं. त्याने माझं मोत्यासारखं अक्षर सावकाश वाचलं, आणि पाकीट खिशात परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फिटरबरोबर गेले. मुलगा सकाळच्या गाडीने निघून गेला होता, किल्ली शेजारी. मी फिटरला म्हटलं, "मीटर काढायच्या आधी एकदा पाणी सोडून बघ, फिरतोय का." असा काही नियम नव्हता. फिटरलाही ते माहीत होतं. तो न बोलता पलीकडे गेला. मी अलीकडे, थंड चुलीपाशी, भिंतीला पाठ लावून बसले.

खोकल्यासारखा आवाज आला. मग पाणी पडायला लागलं.

बराच वेळ गेला असावा. पलीकडून फिटरने हाक मारली, "बाई, पाणी कधीचं निवळ येतंय. बंद करू?"

"रव रे जरा," मी ओरडले. "अजून लाल येता."