भर बैठकीत बोललेला सलीम

ज्या कामावरून आमचं बोलणं तुटलं, त्याच कामाच्या निमित्तानं सलीम गेल्याचं मला कळलं. शिक्षण संस्थेचे रजिस्ट्रार फोनवर म्हणाले, "सलीमभाई वारले. हार्ट अटॅक." लगेच पुढं, "आमच्या ईमेलचं काम आता तुम्ही बघाल का?" अजून माती व्हायची होती... मला राग आला. त्यांचा नाही, सलीमचाच.

आम्ही दोघांनी क्रांती चौकाजवळ ईमेल सर्व्हर सांभाळायचा धंदा काढला होता. तो इंजिनिअर. मी गंगापूरहून आलेला, शिक्षण अर्धवट, पण भाव पाडण्यात कुणाच्या बापाचं न ऐकणारा. मशीन मी घासाघीस करून आणायचो आणि सलीम एका मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरनं अनेक मशीनं उभी करायचा. एक येणारी मेल घेणारं, एक जाणारी पाठवणारं, एक साठवणारं. खऱ्या, हात लावता येईल अशा मशीनला तो 'लोखंड' म्हणायचा. एका लोखंडावर मी जमतील तितकी गिऱ्हाइकं बसवायला बघायचो, की तो करवादायचा, "बापू, ही काय गंगापूरची जीप हाय का? टपावर पण बसवशील!"

"टपावरचे पण भाडं देतात, मियाँ."

तो हसायचा. माझ्या नावावर चहा मागवायचा.

संस्थेचं काम मी खेटे घालून आणलं होतं. सगळ्या कॉलेजांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ईमेल. बैठकीत रजिस्ट्रारांनी विचारलं, "निकालाच्या दिवशी सगळ्यांनी एकदम उघडलं तर?" मी म्हणालो, "आत आणखी मशीनं काढू, लगेच." शेजारी बसलेला सलीम शांतपणे म्हणाला, "साहेब, खोलीत पडदे कितीबी लावा, खोली मोठी होत नाय. लोखंडच वाढवावं लागंल."

काम गेलं. बाहेर आल्यावर मी त्याला नको नको ते बोललो. "हेच मला इथं बाहेर सांगायला काय झालं होतं?"

"बाहेर तू ऐकला असतास?"

आम्ही वेगळे झालो. पुढं तेच काम त्याच्याकडं गेलं. "काम मी मागायला गेलो नव्हतो, तेच आले," असं तो लोकांना सांगायचा. नसेल गेला. पण घेतलं तर!

जनाज्याला खांदा दिला. आणि गेल्या आठवड्यात रजिस्ट्रारांसोबत त्याची सर्व्हरची खोली बघायला गेलो. तीन लोखंडं. दोनांवर सगळा भार वाटून दिलेला. तिसरं चालू, पंखे फिरतायत, आत मात्र काहीच नाही. त्या दोनांतलं एक बंद पडलं, तर त्याच्यावरची मशीनं उठून इथं यावीत म्हणून राखलेली जागा. माझं डोकं लगेच चालू झालं, इथं किती गिऱ्हाइकं मावतील... रजिस्ट्रारांनीही तेच विचारलं. "आमचं नवीन कॉलेज यावरच बसवा ना. रिकामंच तर आहे."

होय म्हणालो असतो, तर करार तिथंच झाला असता.

"हे रिकामंच राहील," मी म्हणालो. "नवीन कॉलेजला नवीन लोखंड."

त्यांचा चेहरा पडला. "कळवतो" म्हणाले. अजून कळवलेलं नाही. फोन वाजला की आधी नाव बघतो. एकच काम सलीमपायी दुसऱ्यांदा जाणार, बहुतेक. शिव्या तोंडात तयार आहेत... ऐकायला तो पाहिजे होता.