झरीच्या भाकरीवर डोंगराची तयारी

परभणीत चढ म्हणून काही न्हाई. काळी, सपाट जमीन. गोटी सोडली तर ती जागेवरच बसून राहती. गावात चढायसारखी जागा एकच, टेसनावरचा रेल्वेचा पूल. म्हणून डोंगराची तयारी मी त्या पुलावर सुरू केली. पाठीवर दप्तर, दप्तरात दोन विटा. इकडून चढायचं, तिकडं उतरायचं, परत चढायचं. पूर्णेच्या गाडीची वाट बघत बसलेल्या एका काकांनी माझे सहा फेरे गुपचूप बघितले. सातव्याला त्यांच्यानं ऱ्हावलं न्हाई.

"बाबू, कोनची गाडी धरायलास?"

"कोनतीच न्हाई, काका."

"मग एकीकडं उतर की. इकडं का तिकडं, ठरीव एकदाचं."

कॉलेजचं पयलं वर्ष होतं ते. मी जाड होतो. थोडा जाड न्हाई, चांगला. सदऱ्याचं खालचं बटण शिवल्यापासून कधी लावलंच नव्हतं. पण मला आवाज काढता यायचे. हेडमास्तर, गिरणीवाला, तालुक्याचा पुढारी, कोंबडी, एस्टीचं गिअर बदलणं, सगळं. त्यामुळं शाळेपासून माझी एक जागा ठरलेली होती. पोरं कबड्डी खेळायची अन् मी बाहेर बसून बोलायचो. पोरं विहिरीत उड्या टाकायची अन् मी काठावर त्यांच्या चपला धरून बसायचो, उडी टाकणाऱ्याच्या बापाचा आवाज काढत. सगळे हसायचे. मी बी हसायचो. पण चपला धरून धरून मला कटाळा आलता.

भूगोलाच्या सरांनी वर्गात जाहीर केलं, जिंतूरच्या पलीकडं एक डोंगर हाय, तिथं अकरा पोरं न्यायची. सर नाकातून बोलायचे अन् वाक्याचं शेपूट ओढायचे. "एकदाऽ ध्यानात घ्या मंडळी, ही सहल नव्हेऽ, हे गिर्यारोहण आहेऽऽ." सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला, की आता मी हे वाक्य परत म्हणून दाखवीन. मी म्हणलो न्हाई. मी हात वर केला.

मला एकदा वर जायचं होतं. बस.

माझा एक दोस्त होता, जिंतूर रोडवरच्या एका खेड्यातला. झरीचा. खोलीवर राहायचा, माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. अंगानं तारेसारखा. त्याला सगळे झरीवाला म्हणायचे, मी बी तेच म्हणतो. दिवाळी झाल्यावर यादी लागली तर त्यात त्याचं नाव होतं, अन् सगळ्यात शेवटी माझं बी. मी त्याला उचलायला गेलो तर त्यानंच मला अडवलं.

"थांब येड्या, पाठ जाईल तुजी. आता तयारी करू. रोज पहाटं जिंतूर रोड. मी हाय ना."

हे 'मी हाय ना' ध्यानात ठेवा.

खेड्यातून शिकायला आलेल्या पोरांचा डबा तवा एस्टीनं यायचा. माय पहाटं उठून भाकरी करणार, बाप फडक्यात बांधून फाट्यावर उभा राहणार, पयल्या गाडीच्या ड्रायव्हरपाशी देणार. स्टँडवर डब्यांची रांग लागायची, हरेक कडीला वेगळ्या रंगाची चिंधी. झरीवाल्याची चिंधी हिरवी होती. त्यानं नियम असा केला की त्याच्या डब्याची गाडी रस्त्यात भेटेपर्यंत चालायचं. रोज जरा लवकर निघायचं, म्हणजे गाडी रोज जरा पुढं भेटणार.

पयल्या दिवशी आमी जकात नाक्याच्या थोडं पुढं गेलो अन् मी रस्त्याच्या कडेला बसलो. बसलो म्हणजे, बुडाखाली जमीन आली. झरीवाला म्हणला, "उठ. त्या मैलाच्या दगडापाशी मला भूगोलाचे सर पायजेत." मी उठलो, दगडापर्यंत गेलो अन् नाकातून म्हणलो, "एकदाऽ ध्यानात घ्या मंडळी, हा दगड नव्हेऽ." तो पोट धरून हसला. तवापासून हरेक दगडाला एक आवाज. माझे पाय दुखायचे ते मी विसरायचो अन् त्याची करमणूक व्हायची. सरांचा आवाज त्यानं शंभर बारी तरी ऐकला असंल. एकदा तो म्हणला, "नाक बरोबर हाय, शेपूट बरोबर हाय. पण शेवटाला तू एक दम खातोस. तिथं तू घावतोस." दम खाणारच की, चार मैल चालल्यावर सर बी खातेन.

आमी दिसलो की ड्रायव्हर गाडी हळू करायचा. कंडक्टर दारात लोंबकळून डबा द्यायचा अन् वर एक टोला.

"का पैलवान, उतरलं का काई?"

"उतरलं की, मास्तर. आत्ताच रस्त्यावर उतरलं."

मग कडुलिंबाखाली डबा उघडायचा. ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी, कधी वांगं, कधी अंबाडीची भाजी. मी म्हणायचो, मला नको, मी कमी करायलो. तो माझ्या हातावर भाकर ठेवायचा. "खा रे. चालनाऱ्याला लागतंय." आठ दिवसांनी डब्यात भाकरी वाढल्या. त्यानं घरी निरोप दिलता, दोघांचं पाठवा म्हणून. त्याच्या मायनं मला कधी बघितलं नव्हतं, पण माझ्या वाटची भाकर थापायला लागली होती. ते आठवलं की आजबी मला त्याच्यावर धड चिडता येत न्हाई, अन् म्हणूनच जास्त चिडायला होतं.

महिन्यानं वजन करायचं ठरलं. माणसाचा काटा दवाखान्यात, तिथं लाज वाटायची. म्हणून आमी कापसाच्या अडतीवर गेलो. तिथल्या मापाड्यानं मला गाठोड्याच्या जागी उभं केलं, दांडीकडं बघितलं, दोन बोटं माझ्या दंडात खुपसली अन् ओरडला, "ओला माल हाय! दोन किलो कटती धरा!" सगळे हमाल हसले. पण ते दोन किलो वजा न करता बी कॉलेजच्या तपासणीतल्या वजनापेक्षा मी चार किलो कमी भरलो होतो. खालचं बटण लागलं. मी घरी जाऊन आरशापुढं तीनदा काढलं अन् तीनदा लावलं.

डोंगराची तारीख एकदा पुढं गेली. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, कॉलेज बंद, गाड्या बंद. झरीचा डबा चार दिवस आला न्हाई. तवा झरीवाला आमच्या घरी जेवला अन् मी त्याच्या ताटात वाढलं. रस्ता सुनसान होता म्हणून आमी गच्चीच्या पायऱ्यांवर चढ-उतार केली. मला तर वाटलं, देवानं मला आणखी दिवस दिले. माघात तारीख लागली तवर मी पूल वीस फेरे चढायचो अन् एका दमात सरांचं आख्खं भाषण म्हणायचो. दम खायची गरज राहिली नव्हती.

निघायच्या दिवशी गाडी झरीच्या फाट्यावर थांबली. एक बाई खिडकीपाशी आली, डोक्यावर पदर, हातात हे एवढं गाठोडं. "तो दुसरा कोन हाय रे तुजा?" झरीवाल्यानं माझ्याकडं बोट केलं. तिनं मला वरून खालवर बघितलं. "लय वाळलं की लेकरू!" आख्खी गाडी हसली. मला वाळलं म्हणणारी ती जगातली पयली बाई.

जिंतूरला गाडी बदलून आमी डोंगरापाशी उतरलो. डोंगर काही लय मोठा नव्हता. अर्ध्यावर एक मोठी शिळा, तिच्या आडून वळण, मग माथा अन् माथ्यावर एकच झाड. मी बूट बांधले. सरांनी पोरं मोजली. दहापाशी थांबले.

"तू इथंऽ थांबायचं. पिशव्या, डबे, पाण्याची डबडी. वानरं आहेत इथं, ध्यानात घे."

"सर, मी चढायलोय."

"अरे, ठरलंय ना ते! यादी करतानाच ठरलंय. मी तुझं नाव घेणारच नव्हतो. तुझा हा दोस्तच म्हणला, सर, त्याला घ्या, त्यो खाली सामान सांभाळंल अन् आपल्याला हसवंल बी."

मी झरीवाल्याकडं बघितलं. तो बुटाच्या नाडीला गाठ मारायला लागला. ती आधीच मारलेली होती.

यादी दिवाळी झाल्यावरच लागली होती. म्हणजे पयल्या पहाटेपासून ह्याला माहीत होतं. जकात नाक्यावर माहीत होतं, मैलाच्या दगडाला माहीत होतं, अडतीवर मी खाली उतरून नाचलो तवा बी माहीत होतं. चालणाऱ्याला लागतंय म्हणून भाकर देताना माहीत होतं.

त्याला बाजूला घेतलं. "कामून केलंस असं?"

"तुजं नाव आलंच नसतं रे. म्हनून बोललो. वाटलं, डोंगरापाशी आल्यावर सर इसरतेन."

"इसरले न्हाईत. आता सांग त्यांना. वीस फेरे पूल चढतो म्हनावं. तू बघितलंस."

त्यानं डोंगराकडं बघितलं, सरांकडं बघितलं. एक शब्द लागत होता फक्त. बाकीची पोरं पुढं निघाली होती अन् त्याचे पाय तिकडंच वळले होते.

"टाईम कमी हाय रे," तो म्हणला. "वापस आलो की बोलू."

अन् गेला.

मी दहा पिशव्यांच्या मधी बसलो. एक वानर आलं, माझ्याकडं बघितलं अन् समोर बसलं. मी त्याचा आवाज काढला न्हाई. वर सरांसकट अकरा डोकी लहान होत चालली. सर शिळेपाशी पोचले अन् शिळेच्या खालच्या अंगाला कपारीत, सावलीत बसले. पोरांना ते दिसंनात, मला त्यांचा पाय तेवढा दिसत होता. पोरं वळणाच्या पुढं गेली. सगळ्यात पुढं झरीवाला.

तवा माझ्या डोक्यात आलं. तोंडाला हात लावले, नाक आवळलं.

"वापस फिराऽऽ रे! एकदाऽ ध्यानात घ्या, सगळे खालीऽऽ!"

दम खाल्ला न्हाई. आवाज डोंगराला लागला, फिरला, परत आला. मी आयुष्यात एवढा चांगला आवाज कधी काढला न्हाई. सरांचा पाय बी दचकून आत गेला.

वरची पोरं थांबली. एक वळला, मग दुसरा, मग सगळेच. उतरायला लागले. नऊ जण.

झरीवाला एकटा उभा राहिला. बाकी सगळ्यांनी आवाज ऐकून शिळेकडं बघितलं होतं, सर तिथं होते म्हणून. त्यानं शिळेकडं बघितलं न्हाई. त्यानं सरळ खाली बघितलं, पिशव्यांकडं, माझ्याकडं. बराच वेळ. मला वाटलं, ह्यानं ओळखलं. आता ह्यो तरी उतरतो.

त्यानं तोंड फिरवलं अन् वर चढायला लागला.

शिळेपाशी पोरांचा अन् सरांचा गोंधळ झाला. "मी कुठं हाक मारलीऽ?" असं सर म्हणत होते, पण त्यांचे गुडघे दुखत होते अन् शेवटच्या गाडीचं बी बघायचं होतं. "आता उतरलातच तर चला," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना खाली आणलं. कोणाचा माझ्यावर डाऊट गेला का, मला माहीत न्हाई. मी गाठोडं सोडून भाकरी मांडत होतो.

झरीवाला अर्ध्या तासानं आला. माथ्यावरच्या झाडाची एक डहाळी त्याच्या खिशात होती. ती काढून त्यानं माझ्यापुढं धरली. मी घेतली न्हाई. त्यानं ती गाठोड्याच्या फडक्यावर ठेवली.

"खाल्लास का न्हाई काई?"

पोरं जेवायला बसली होती. सर म्हणले, "हांऽ, आता होऊन जाऊ दे. काढ एखादा आवाज."

सगळ्यांचे आवाज काढायचो मी, पण झरीवाल्याचा कधी काढला नव्हता. आमच्यात तसं न बोलता ठरलं होतं. मी उठलो. खांदे जरा आत ओढले, मान एकीकडं केली अन् त्याच्या त्या मऊ, घाईच्या आवाजात म्हणलो,

"सर, त्याला घ्या. त्यो खाली सामान सांभाळंल अन् आपल्याला हसवंल बी."

पोरं लोळून हसली. सरांना ठसका लागला. ते वाक्य तो बोलला तवा मी तिथं नव्हतो, पण तो कसा बोलला असंल, ते मला पक्कं माहीत होतं.

झरीवाला हसला न्हाई. हातातला घास त्यानं फडक्यावर ठेवला.

"हुबेहूब जमलं," एवढंच म्हणला.

वापस येताना झरीच्या फाट्यावर तो उतरला, रिकामं गाठोडं मायच्या हातात दिलं अन् परत गाडीत चढला. मी खिडकीत नव्हतो बसलो, पलीकडच्या बाजूला बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटं जाग आली. बूट घातले. पाय आपोआप जिंतूर रोडला निघाले. नाक्यापाशी मी थांबलो. आता ती गाडी येणार, कंडक्टर दारात लोंबकळणार, हिरव्या चिंधीच्या डब्यात दोघांच्या भाकरी असणार, कारण त्याच्या मायला कोणी काही सांगितलेलं नसणार. मी वापस फिरलो अन् पुलावर गेलो. विटा आणल्या नव्हत्या. तसाच चढलो, वर कठड्याला टेकून उभा राहिलो. तिथून सगळं सपाट दिसतं, लय लांबपर्यंत.