हिवाळीकाकांनी बुजवलेला व्हॉल्व्ह

गल्लीत त्यांना सगळे हिवाळीकाका म्हणत. का, तर हा माणूस थंडी पडली की दिसायचा. उन्हाळ्यात शेजारून गेला तरी कुणी ओळख देत नसे, आणि पहिला गारठा पडला रे पडला की हेच लोक फोन करकरून जीव खायचे. धंदाच तसा होता, गिझरदुरुस्तीचा.

बरं, काका सांगायला कमी करायचे नाहीत. भर उन्हाळ्यात दारोदार जायचे. "ताई, आत्ताच टाकी धुऊन घ्या. तळाशी क्षार साचलेत, आतली सळई पाण्यानं खाल्ली असेल. थंडीत पस्तावाल." ताई हसायच्या. "काका, नळाचंच पाणी चटके देतंय, तुमचा गिझर कुठे घेऊन बसलात!" आणि दार बंद. मग थंडी यायची. टाकीत शिरणारं पाणी गारढोण, क्षारांनी माखलेली कॉइल ते तापवता तापवता बेजार, आणि जिथे उन्हाळ्यात पाच मिनिटांत भागायचं तिथे तास तास बटण चालू. अख्ख्या वस्तीचे गिझर एकाच आठवड्यात मान टाकायचे. काकाही कुणाला नाही म्हणत नसत. दोन महिन्यांच्या कामावर वर्ष ढकलायचं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

त्या दिवशी सकाळी काकांनी नेहमीसारखी पिशवी जमिनीवर पालथी केली. पाने, पक्कड, वॉशर, आणि आदल्या दिवशी लोकांकडून काढून आणलेले जुने भाग. काकांची एक सवय होती. एका घरातले जुने भाग ते एकाच चिकटपट्टीत गुंडाळत. उद्या कुणी म्हणालं की माझा चांगला भाग काढून नेलात, तर तोंडावर दाखवायला पुरावा हवा ना! एक घर, एक पुडी. तीस वर्षांत यात बदल नाही.

त्यातली एक पुडी त्यांनी उचलली आणि त्यांचा हात तसाच राहिला.

पुडीत दोन भाग होते. एक थर्मोस्टॅट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह.

आता हे काय एवढं, तर ऐका. थर्मोस्टॅट पाणी पुरेसं तापलं की वीज तोडतो. तो बिघडला आणि बाजारात नवा नसला की काका दोन वायरी थेट जोडून द्यायचे. मग गिझर आपोआप बंद होत नाही, त्याचा दिवा विझत नाही, माणसानं आठवणीनं बंद करायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह आतला दाब बाहेर सोडतो. थंडीत तो जास्त ठिबकतो, लोक कटकट करतात, म्हणून काका कधीमधी तो काढून तिथे चार दिवसांपुरतं बूच मारायचे. करू नये. काकांनाही ठाऊक होतं की करू नये. पण एका घरात यातलं एकच केलं तर निभावतं. दोन्ही एकाच घरात केली तर पाणी तापतच राहतं, दाबाला वाट नाही, आणि भिंतीवरची टाकी म्हणजे बॉम्ब.

"अगं ए!" काका ओरडले. बायको पोळपाट सोडून धावत आली. "काल मी वायर कुठे जोडली? बूच कुठे मारलं?"

"मला काय विचारता? मी का होते तुमच्याबरोबर?"

"दोन घरं होती गं! एकात वायर, एकात बूच. मला स्पष्ट आठवतंय, दोनदा जिने चढलो!"

पण पुडी एकच होती, आणि पुडी खोटं बोलत नव्हती.

फोन बायको घ्यायची आणि चिठ्ठीवर पत्ता लिहून द्यायची. काम झालं की काका चिठ्ठी फाडून टाकत. काल त्यांनी अकरा चिठ्ठ्या फाडल्या होत्या. काकांना घरं लक्षात राहायची ती न्हाणीघरांवरून, निळ्या फरशीचं, तुटक्या आरशाचं. माणसांची नावं विचाराल तर शून्य.

बायकोनं मोबाइल काढला आणि कालच्या नंबरांवर एकेक फोन लावत सुटली. काका शेजारी उकिडवे बसून प्रत्येकाला एकच विचारत होते, "गिझरचा दिवा आपला आपण विझतो का हो?" कुणी म्हणालं विझतो. कुणी म्हणालं, "सकाळी सकाळी काय डोकं खाता?" एकानं तर काल केलेलं काम आज पुन्हा गळतंय म्हणून शिव्या घातल्या. एरवी काका वादाला उभे राहिले असते. आज म्हणाले, "द्या हो शिव्या, पण दिवा विझतो ना?" दहा जणांनी उचलला. दहाही घरं ठीक. अकराव्या नंबरावर घंटी नुसती वाजत राहिली.

"ही कोण?" काकांनी विचारलं.

"ती म्हातारी हो. कमी ऐकू येणारी. शाळेच्या मागची इमारत, तिसरा मजला. मला चार वेळा ओरडून पत्ता विचारावा लागला."

आणि मग काकांना आठवलं. लख्ख आठवलं. म्हातारीची वायर जोडून ते खाली रस्त्यावर आले होते. तिनं खिडकीतून हाक मारली, अरे, पाणी ठिबकतंय, मी घसरून पडेन. खिशात पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन वाजत होता. काका धापा टाकत पुन्हा तीन मजले चढले, बूच मारलं आणि पळाले. दोनदा जिने चढले म्हणून डोक्यानं दोन घरं धरली. घर एकच होतं.

काका चप्पल न घालताच निघाले.

वाटेत काय काय मनात आलं ते विचारू नका. एकटी म्हातारी. गुडघे दुखतात म्हणून गरम पाणी घेत बसते, तिनंच सांगितलं होतं. बाहेर हा असा गारठा, बोटं वळत नाहीत. अशा सकाळी कोण गिझर बंद करतं? "मी मेलो," काका धावता धावता मोठ्यानं म्हणाले, "मी मेलो तरी चालेल, पण तिला काही व्हायला नको." दूधवाला वळून बघत राहिला.

इमारतीखाली पोचले तेव्हा छातीत कळ येत होती. तीन मजले चढायचे, मग दार वाजवायचं, मग बहिऱ्या बाईनं ते ऐकायचं. तेवढा वेळ कुणाला होता! जिन्याखाली मीटरची पेटी होती. कुठला मीटर कुणाचा, काही कळेना. काकांनी सरळ मेन स्विच पाडला.

सगळ्या मजल्यांवरून एकच गलका. "लाइट कुणी घालवली रे?" काका जिना चढत ओरडत होते, "मी! मी घालवली! चालू करू नका, पाया पडतो!" तिसऱ्या मजल्यावर शेजारचा मास्तर अर्ध्या दाढीला साबण लावून दारात उभा होता. "काका, वेड लागलं का?" काकांनी उत्तर न देता म्हातारीचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. म्हातारी खांद्यावर टॉवेल टाकून उभी. "अरे, तू होय! बरं झालं आलास. लाइट गेली बघ, आत्ता आंघोळीला बसणार होते."

"आजी, गिझर कधीपासून चालू होता?" काकांनी तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"उठल्यापासून. तूच ओरडून सांगितलंस ना, आठवणीनं चालू ठेवा?"

आतून टाकीची गुरगुर येत होती. मधूनच ठक्क असा आवाज. काकांनी म्हातारीला धरून बाहेर जिन्यावर आणलं, मास्तरच्या बायकामुलांनाही खालच्या मजल्यावर पिटाळलं. आता टाकीला हातही लावायचा नव्हता. निवेपर्यंत वाट बघायची, बस्स. प्रत्येक ठक्क आवाजाला काका म्हातारीला आणखी एक पायरी खाली सरकवत होते.

तासाभरानं गुरगुर थांबली. मास्तर कळता माणूस. त्यानं सगळं पाहिलं आणि म्हणाला, "आजकाल कंपन्या मालच तसला देतात. काका वेळेवर आले म्हणून वाचलात, आजी." खालून चढून आलेली माणसंही माना डोलवायला लागली. म्हातारीनं काकांचा हात हातात घेतला. "न बोलावता धावून आलास रे. पोटचे येत नाहीत असे."

काकांना वाटलं, गप्प बसावं. काय बिघडतं? कुणाला काही झालं नाही. आत जाऊन बूच काढलं, कुठून तरी नवे भाग मिळवून लावले की संपलं. सगळा हंगाम पुढे होता. पण तिचा तो सुरकुतलेला हात हातात होता, आणि तो हात आत्ता या घटकेला कुठे असता हे काकांना दिसत होतं. त्यांना रडूच फुटलं.

"आजी, कंपनीनं नाही. मी केलं हे. काल मीच दोन्ही वाटा बंद करून गेलो."

म्हातारीला ऐकू आलं नाही. "काय म्हणतो?" तिनं मास्तरला विचारलं. काकांनीच तिच्या कानाशी, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, पुन्हा सांगितलं.

म्हातारीनं हात सोडवून घेतला. "माझ्या गिझरला हात लावू नकोस," ती म्हणाली. आत गेली आणि कडी घातली.

काका बंद दाराला म्हणाले, "बटण लावू नका हो आजी, एवढं ऐका." ते काही तिला ऐकू जाणार नव्हतं. मास्तरनं दार बडवून, स्वतः आत जाऊन बटण बंद केलं आणि त्यावर कागद चिकटवला, तेव्हा कुठे काकांनी मेन स्विच वर केला.

पण म्हातारीनं काय गार पाण्यानं आंघोळ करायची? या गारठ्यात? वस्तीत दुसरा गिझरवाला एकच, चटकन. सगळ्यांना चटकन येतो सांगून संध्याकाळी उगवायचा म्हणून हे नाव. दोघांमधून विस्तव जात नव्हता. काकांनी त्याला फोन लावला.

"माझ्या हातून चूक झालीय," काका म्हणाले. "वायर थेट आहे आणि व्हॉल्व्हच्या जागी बूच आहे. एकाच टाकीवर."

"दोन्ही? तुम्ही?"

"मी. तू ये. तुझ्याकडचे भाग घेऊन ये, बाजारात नाहीत. आणि चटकन ये, बाबा. खरोखरचं चटकन."

तो खरंच आला. काका खालच्या पायरीवर बसले होते. पिशवी सावरत तो त्यांच्या बाजूनं वर गेला. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या वस्तीत होणार होती, आणि व्हायलाच हवी होती. खिशातला फोन एकसारखा वाजत होता. काकांनी तो बंद केला.

बऱ्याच वेळानं चटकन हात पुसत खाली आला.

"गरम येतंय?" काकांनी विचारलं.

"येतंय. बसल्या म्हातारबाई आंघोळीला."

"आणि दिवा?"

"विझतो," चटकन म्हणाला. "मी दोनदा उभं राहून बघितलं."

काकांनी कपाळ गुडघ्यांवर टेकलं आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, ते ओक्साबोक्शी रडले.