एक्केचाळिसावं झाड

ढोबळे सर निबंधाचं पहिलं वाक्य न वाचताच खोडायचे. वही हातात आली की लाल पेनाचं टोपण दातांनी काढायचे आणि एक सरळ आडवी रेघ मारायचे. मी पहिल्यांदा पांढुर्ण्याला त्यांच्या ओसरीत जाऊन बसले, तेव्हा माझ्याही वाक्याचं तेच झालं. मला राग आला. म्हटलं, "सर, वाचून तरी बघा."

"काहून वाचू? 'आजच्या आधुनिक युगात' असंच असंन नं? हे वाक्य तुहं नाही, पोरी. साऱ्या दुनियेचं आहे. तू खाली कुठंतरी लपून बसली आहे. तिथून सुरू कर."

वाक्य अगदी तेच होतं. मी मुकाट्याने दुसरं पान उघडलं.

मला शेतीशास्त्रात पुढचं शिकायला परदेशी जायचं होतं. प्रवेश पक्का होता, पण इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला ठरावीक गुण हवे होते आणि मी एकदा तिथेच आपटले होते. म्हणून दर रविवारी बोरगावहून सौसर, सौसरहून पांढुर्णा अशी बस धरायची. सर सरकारी शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतः ती परीक्षा कधी दिली नव्हती, पण इंग्रजीत मुद्दा कसा उभा करावा हे त्यांच्याइतकं नीट मला कोणी सांगितलं नाही. फी घ्यायचे नाहीत. आमच्या बागेतली संत्री चालायची, आणि आंबट निघाली तर तेही तोंडावर सांगायचे.

एका परिच्छेदात एकच मुद्दा. 'त्यामुळे' लिहिलं की कशामुळे, ते बोट ठेवून दाखवायचं. मी समोरच्याची बाजू टाळली की ते चिडायचे आणि गोटमारीचा दाखला द्यायचे; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात ना, ती. "सावरगाववाला काय म्हणून राहिला ते आधी सांग. मंग पांढुर्ण्याचं सांग. नुसते आपल्याच काठावरून गोटे मारून राहिली तू!" आणि शेवटी प्रत्येक उदाहरणावर एकच प्रश्न, "खरं लिहून राहिली का?"

एकदा विषय होता, पाणी कमी असेल तर ते कोणाला द्यायचं हे कोणी ठरवावं. मी आमच्या घरचं लिहिलं. विहीर आटली त्या उन्हाळ्यात बाबांनी तीनशे झाडांपैकी चाळीस वाचवायची ठरवली आणि त्यांना लाल चिंध्या बांधल्या. टँकरचं पाणी तेवढ्यांनाच. दुसऱ्या दिवशी चिंध्या एक्केचाळीस निघाल्या. आईने आपल्या पोलक्याचा काठ फाडून विहिरीजवळच्या झाडाला बांधला होता. बाबांनी पाणी त्या झाडालाही घातलं.

सरांनी ते वाचलं आणि आत हाक मारली, "अवो, इकडे या, हे ऐका." काकू पिठाच्या हातांनी आल्या. सरांनी त्यांना पूर्ण निबंध मराठीत सांगितला. त्या दिवशी पहिल्या वाक्यावर रेघ आली नाही. "वही राहू दे माह्यापाशी," ते म्हणाले. "भाषा पाहतो जराशी." पुढच्या रविवारी वही परत मिळाली. त्या आठवड्यात मी घरात उगाचच गुणगुणत होते.

परीक्षा नागपूरला होती. नशिबाने विषय जवळचाच आला आणि मी आईचं झाड पानावर उभं केलं. बाहेर आले तर पायरीवर एक अनोळखी मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "ते एक्केचाळीस झाडंवालं बरोबर फिट बसलं नं!" मी थांबले. कुठलं, म्हणून विचारलं. तिने हौसेने मोबाइल दाखवला. माझाच निबंध, टाइप केलेला. वर तिच्या क्लासचं नाव. ते नाव मी सरांच्या तोंडून ऐकलं होतं; तो क्लास त्यांच्या भाच्याचा होता.

माझा निकाल रोखला गेला. चार-पाच जणांचं उत्तर सारखं आढळलं, सगळे रद्द. माझ्या आईची चिंधी ही पाठ केलेल्या मजकुराची ओळ ठरली होती.

मी पांढुर्ण्याला गेले. सरांनी नाकारलं नाही. "शाळेत चांगली वही साऱ्या वर्गात फिरवायचो मी. पोरं त्यातूनच शिकत. चांगलं उत्तर एकट्याचं नसते, पोरी."

"ते उत्तर नव्हतं सर. माझी आई होती."

मग मी जे मागायला आले होते ते मागितलं. वहीत तारखेसह त्यांची लाल शाई होती. निबंध माझा आहे आणि तो इथून बाहेर गेला, एवढं एक पत्र लिहून द्या. माझा निकाल त्याने कदाचित परत मिळाला असता. सरांनी कागद घेतला, पेनाचं टोपण दातांनी काढलं, आणि पेन तसंच धरून बसले.

"भाच्याचा क्लास बंद होईन," ते म्हणाले. "आत्ताच सुरू केला त्यानं. तू हुशार आहे. तू पुन्हा लिहू शकते."

कागद कोरा राहिला. माझी त्या वर्षाची जागा गेली. परतीच्या बसमध्ये मी सौसरपर्यंत रडले. निबंध फिरवला ही त्यांची जुनी सवय होती, ती मी समजून घेतलीही असती. पण पेन हातात असताना त्यांनी लिहिलं नाही. तो दगा होता, आणि आजही मला दुसरा शब्द सुचत नाही.

नंतर मी घरीच सराव केला. संताप याचा यायचा की हात आपोआप पहिलं वाक्य खोडायचा. पुढच्या वर्षी पुन्हा बसले आणि हवे तेवढे गुण मिळाले.

निघायच्या आधी आई म्हणाली, "शिकवलं आहे त्यायनं. पाया पडून ये." मी गेले. सर वाळले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, संत्री विचारली नाहीत. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "या खेपेस विषय काय होता?"

"चांगला शिक्षक कोणाला म्हणावं."

त्यांचे डोळे एकदम पूर्वीसारखे चमकले. "मंग? उदाहरण कोणाचं देल्लं?"

"तुमचं."

ते पुढे सरकले. सवयीने हात पुढे झाला, वही मागणारा. माझ्याकडे वही नव्हती. हात तसाच गुडघ्यावर ठेवत त्यांनी हळूच विचारलं, "चांगलं लिहिलं का?"

"खरं लिहिलं, सर," मी म्हटलं. "दोन्ही काठ दाखवले."

आणि मी वाकून त्यांच्या पाया पडले.