मशीनवाल्या मावशींचा अँटेना

वादळाची चिन्हं दिसली की आमच्या सौंसरच्या गल्लीतल्या बायका वाळत घातलेल्या मिरच्या आणि कपडे उचलायला धावायच्या. मशीनवाल्या मावशी मात्र पदर खोचून, हातात पाना घेऊन न्हाणीघराच्या स्लॅबवर चढायच्या. कपडे उडाले तर उडोत, त्यांची नजर वरच्या अँटेनावर. हे काम गुपचूप करण्याचा त्यांचा स्वभावही नव्हता. शिडी चढता चढता त्या सगळ्या गल्लीला काही ना काही ऐकवत राहायच्या.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मावशी ब्लाउज शिवायच्या. नम्रपणा हा गुण त्यांच्या वाटणीला आलाच नव्हता. "सौंसरात दोनच गोष्टी नंबर एक बाई," त्या मला म्हणायच्या, "एक संत्रं अन् दुसरा माहा ब्लाउज." त्यांचा ब्लाउज खरंच झकास बसायचा, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

टीव्ही त्यांनी घेतला तो सुमीसाठी. सुमी त्यांची एकुलती एक लेक, विशीची, जन्मापासून ऐकू न येणारी. रविवारी दुपारी तिच्यासारख्यांसाठी बातम्या लागत. पडद्यावरची बाई हातांनी बोलायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा सुमी उठून टीव्हीला जवळजवळ चिकटली होती. तोवर मायलेकींच्या घरगुती खुणा होत्या, भाकर, पाणी, झोप एवढ्यापुरत्या. आता दर रविवारी दोघी पडद्यासमोर बसून नव्या खुणा शिकायच्या आणि आठवडाभर मशीनवर बसून त्याच खुणांनी भांडायच्या. हसायच्याही. ते हसणं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि फार बरं वाटायचं.

पण सौंसरात टीव्हीवर कधी नागपूर केंद्र साफ यायचं, कधी छिंदवाडा. म्हणून अँटेनाखाली एक लोखंडी फिरकी बसवलेली होती. अँटेनाचा पाइप त्या फिरकीला चार बोल्टांनी आवळलेला. दांडा धरून फिरकी हव्या त्या केंद्राकडे वळवायची आणि ती हलू नये म्हणून खिट्टी घालायची. मे महिन्याचा वारा सुटला की खिट्टी जागच्या जागी राही, पण बोल्ट ढिले पडत आणि पाइप आपल्या मर्जीनं कुठंही तोंड फिरवून बसे. एकदा तर तो कलंडला आणि घरमालकांच्या छपरावरचे कवेलू फुटले.

मालक संत्र्याचे व्यापारी, माणूस वाईट नव्हता, पण कवेलूंच्या बाबतीत हळवा. ते अंगणात येऊन म्हणाले, "मावशी, आता पुन्हा हा पाइप हालला तं मी उतरवून टाकीन. मंग बोलू नका." सुमीला मालकांचे शब्द कळले नाहीत, पण आईचं तोंड पाहून तिला काय ते कळलं. तिनं पडद्यावरच्या बाईची बातम्यांची खूण केली आणि मान हलवून विचारलं, आता नाही?

त्यानंतर मावशी इरेला पेटल्या. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून बोल्ट आवळले, एकाचे आटे गेले आणि तो दुसरं काम आठवून निघून गेला. मावशी दिवसभर मशीन चालवताना विचार करत होत्या. संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अवो बाई, माह्या मशीनचे स्क्रू काहून ढिले होते? कमी आवळले म्हून? नाही. मशीन थरथरते म्हून! थो पाइप थरथरून राहिला, अन् आपण बोल्टाले शिव्या देऊन राहिलो!"

मशीनच्या स्क्रूला त्या काय करायच्या? आट्यांवर दोरा गुंडाळायच्या. तेच त्यांनी इथं केलं. नवे बोल्ट आणले, आट्यांवर ऑइलपेंटमध्ये भिजवलेला दोरा गुंडाळला, नट आवळला आणि त्याच्या पाठीवर दुसरा नट चढवून दोन्ही एकमेकांवर घट्ट बसवले. पाइपाच्या वरच्या अंगाला एक सैल कडं घालून त्याला तीन बाजूंनी तारांचे ताण दिले, म्हणजे पाइप फिरेल, पण थरथरणार नाही. मी खालून शिडी धरली होती. माझ्या डोक्यावर हिरवा पेंट ठिबकत होता आणि मावशी वरून म्हणत होत्या, "केसाले चांगला दिसून राहिला वो रंग."

शनिवारी दुपारी वादळ आलं ते बोरगावच्या बाजूनं, धुळीचा डोंगर घेऊन. बागांत संत्र्याची झाडं जमिनीला टेकली. गल्लीतले अँटेना एकेक करून वाकले, कुणाचा आभाळाकडे, कुणाचा विहिरीकडे. लाइट गेली. मावशी आणि सुमी दारात उभ्या राहून वर पाहत होत्या. तारा शिट्या मारत होत्या. पाइप मात्र नागपूरकडे तोंड करून तसाच उभा होता.

रविवारी लाइट आली ती असा झटका देत की टीव्हीचा आवाजच गेला. चित्र मात्र आरशासारखं. दुसऱ्या कुणाकडे काहीच दिसत नव्हतं, म्हणून अख्खी गल्ली मावशींच्या खोलीत येऊन बसली होती. मालकही होते. आवाज नाही म्हटल्यावर लोक उठायला लागले, तेवढ्यात हातांच्या बातम्या सुरू झाल्या. "बसा सारे," मावशी म्हणाल्या, "आता सुमी सांगते." सुमी लाजली, मग पडद्याशेजारी उभी राहिली. पडद्यावरच्या भराभर खुणा ती आईला सावकाश हातांनी सांगत होती आणि मावशी ते मोठ्यानं बोलत होत्या. पाऊस केरळात पोचला, हे कळलं तेव्हा कपाशीवाले पुढं सरकले. मालकांनी आजवर तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. ते गुडघ्यांवर रेलून विचारत होते, "मंग? सुमीबाई पुढं काय म्हणते?"

बातम्या संपल्यावर मालक म्हणाले, "पाइप राहू द्या, मावशी."

"राहू द्या? अवो, हालवून तं दाखवा!"

मावशी आता नाहीत. त्यांना शेवटचं पाहिलं ते माझी पांढुर्ण्याला बदली झाली त्या दिवशी. मायलेकी बसस्टँडवर आल्या होत्या. मी खिडकीशी बसले, सुमी खालून हात हलवून कितीतरी सांगत होती. जपून जा, पत्र टाका, पेंट लावलेला दोरा विसरू नका. रविवारी त्यांच्याकडे बसून बसून मीही खुणा शिकले होते, त्यामुळे मला सगळं समजत होतं आणि रडूही येत होतं. मागच्या बाकावरचा माणूस हळहळून म्हणाला, "अरेरे, मुकी आहे का पोरगी?"

बस सुटली होती. तरी मावशींनी ते ऐकलं. बसबरोबर दोन पावलं धावत त्या ओरडल्या, "बातम्या सांगते थे! रविवारी या घरी!"